म्यानात अडकलेली तलवार

माझा धाकटा भाऊ मानसिंग आयुष्यात एकदाच ओरडला. ते मला सांगायचंय. पण आधी तो किती गप्प माणूस आहे हे कळायला हवं, नाहीतर त्या ओरडण्यात काय होतं ते तुम्हाला कळायचं नाही.

मी विमल, त्याची मोठी बहीण, त्याच्याच सोसायटीत राहते. मला कुणी गप्प म्हणणार नाही. आई म्हणायची, देवाने मानसिंगची जीभ काढून विमलला जास्तीची लावली. शाळेत त्याला कुणी मारलं की तो घरी येऊन मुकाट्याने जेवायला बसायचा आणि मी मारणाऱ्याच्या दारात जाऊन उभी राहायची. पुढे इथे बडोद्यात, गोरव्याच्या एका कारखान्यात तो टर्नर म्हणून लागला आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिला. लेथच्या आवाजात तशीही कुणाला बोलायची गरज पडत नाही. बायको लवकर गेली. त्याचा मुलगा धैर्यशील तेव्हा शाळेतही जात नव्हता. दुसरं लग्न कर म्हणून मी डोकं फोडून घेतलं, तर हा म्हणाला, "आक्का, भात लावायला शिकलोय." विषय संपला.

वर्षात एकच दिवस तो बोलायचा. दसऱ्याला.

आमचे पणजोबा बडोदे सरकारच्या फौजेत होते. त्यांची तलवार आमच्या घरी आहे. होती. दसऱ्याच्या सकाळी मानसिंग आंघोळ करून फेटा बांधायचा, पाटावर लाल कापड टाकून तलवार ठेवायचा, हळदकुंकू, झेंडूचा हार. मग सोसायटीतली गुजराती मंडळी फाफडा-जलेबीचे पुडे घेऊन यायची आणि दरवर्षी तेच विचारायची, तलवार खरी आहे का, "मानसिंगभाई, आ तलवार साची छे?" आणि माझा हा मुका भाऊ तासभर बोलायचा. पणजोबा, घोडा, पागा, महाराजांची स्वारी. निम्मं खरं, निम्मं आमच्या आजोबांनी रचलेलं. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि हसायची. धैर्यशील मला डोळा मारायचा, "आत्या, घोडा या वर्षी अजून उंच झाला."

असा होता तो पोरगा. एसी दुरुस्त करायचा. आयटीआय केलं, दुसऱ्याच्या हाताखाली राहिला, मग स्वतःचं सुरू केलं. स्कूटरला पुढे हत्यारांची पिशवी, मागे गॅसचा सिलेंडर. आमच्या सोसायटीतले निम्मे एसी त्याने बसवलेले. एप्रिल लागला की जेवायला वेळ नसायचा. "धैर्यशीलभाई, ठंडक नथी आवती," एसी गार करत नाही, असे फोनवर फोन. जेवता जेवता ताटावरून उठून जायचा. मी ओरडायची, मेल्या घास तरी संपव. तो म्हणायचा, "आत्या, त्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे."

त्याच्या शेवटच्या दसऱ्याला तलवार म्यानातून निघालीच नाही. दमट कपाटात राहून आत गंजली असणार. मानसिंगने ओढली, धैर्यशीलने ओढली, मी तर म्यान धरून बसले आणि दोघांनी मिळून ओढली. हलली नाही. मानसिंगचा चेहरा एवढासा झाला. म्यानासकट पूजा केली आणि पाहुण्यांना खोटं सांगितलं, "या वर्षी मुहूर्त नाही, बाहेर काढायची नाही." आम्ही आत तोंडावर पदर घेऊन हसलो. पुढच्या नवरात्रात धैर्यशील म्हणाला, बाबा, पाणीगेटजवळ एक म्हातारा शिकलगार आहे, जुनी पाती साफ करतो, त्याच्याकडे देऊन येतो. म्यानात अडकलेली ती तलवार लाल कापडात गुंडाळून, स्कूटरवर पायांपाशी आडवी ठेवून, तो संध्याकाळी निघाला.

वाटेत नाकाबंदी होती. स्कूटरवरून लुटणारी कुठली तरी टोळी शहरात आली होती म्हणे. पोलिसांनी धैर्यशीलला अडवलं. पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी तिथे नव्हते. तो लगेच थांबला की जरा पुढे जाऊन थांबला, कापड बाजूला करून दाखवायला गेला की घाबरून हात वर करायला विसरला, मला माहीत नाही. पोलिसांनी गोळी झाडली आणि माझा भाचा रस्त्यावर मेला, एवढंच मला माहीत आहे. साप म्हणून भुई धोपटतात ना, तसं. फक्त ती भुई आमची होती.

पण ऐका, पेपरात बातमी लिहिणारासुद्धा तिथे नव्हता! तरी त्याला सगळं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या पानावर हे एवढं मोठं: "खुल्ली तलवार साथे पोलीस पर हुमलो, तलवारबाज ठार." खाली धैर्यशीलचा फोटो. कुठला? दसऱ्याचा. फेटा बांधलेला, हातात तलवार, मीच काढलेला आणि त्याने हौसेने इंटरनेटवर टाकलेला. तलवारीभोवती लाल गोल. आत लिहिलं होतं, सूत्रांच्या म्हणण्यानुसार तो उघडी तलवार घेऊन धावला, आणि स्वबचावाच्या गोळीबारात त्याला गोळी लागली. अहो सूत्र म्हणजे कोण? ज्याने गोळी झाडली त्याचाच साहेब! चोराला विचारायचं चोरी कशी झाली, आणि तो सांगेल ते छापायचं. आणि "गोळी लागली" काय? ऊन लागतं, ठेच लागते. गोळी कुणीतरी मारावी लागते. टीव्हीवर तर एक बाई किंचाळत होती, जणू ती स्वतः जीव वाचवून पळाली होती. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

त्या बातमीतच दुसरा एक फोटो होता, जप्त केलेल्या मुद्देमालाचा. टेबलावर लाल कापड, कापडावर तलवार. म्यानात! सबंध, मुठीपर्यंत म्यानात. त्याच्या वरच अक्षरं: उघडी तलवार. लिहिणाऱ्याने पाहिला असेल, तपासणाऱ्याने पाहिला असेल, छापणाऱ्याने पाहिला असेल. तुमचे डोळे आहेत की बटाटे? शहरभर लोकांनी चहा पिता पिता तो फोटो पाहिला आणि एकालाही ती तलवार म्यानात दिसली नाही.

मानसिंगला दिसली. त्याने पेपर गुडघ्यावर ठेवला, त्या फोटोवर बोट ठेवलं आणि मला म्हणाला, "आक्का, एवढं एकच छापायला सांग. तलवार म्यानात होती. बाकी काही नको." पोरगा गेलेला, आणि बापाचं मागणं केवढं, तर एक ओळ.

दुपारी त्याच पेपरचा वार्ताहर आला. क्षितिज नाव, आपल्यातलाच. सुभानपुऱ्याला राहणारा, आजोबा राज्याच्या हिशेबखात्यात मोठे अधिकारी होते म्हणे. दारातच वाकून नमस्कार केला, "काका, मी आपल्याच माणसांतला, म्हणून मुद्दाम आलो." झालं! तिथेच आम्ही फसलो. बडोद्यात आम्हा मराठी माणसांना ही एक खोडच आहे. बाहेर दिवसभर गुजराती बोलून जीभ थकलेली असते, त्यात कुणी शुद्ध मराठीत काका म्हटलं की कुलूप आपोआप उघडतं. त्यातून तो अधिकाऱ्याच्या घरचा, आम्ही शिपाईगड्यांच्या. त्यांची माणसं आमच्या दारात येत नाहीत, आली तर आम्हाला धन्य वाटतं. सुतकाचं घर, चूल बंद, तरी मानसिंगने त्याच्यासाठी शेजारून चहा मागवला.

आणि माझा मुका भाऊ बोलला. दसरा असल्यासारखा बोलला. ताठ बसून म्हणाला, "तलवार आमचीच. चार पिढ्यांची. पणजोबा फौजेत होते." मग सगळं सांगितलं. म्यानातून निघत नव्हती ते, शिकलगाराकडे नेत होता ते, पोरगा एसीचं काम करायचा ते. फोटोवर बोट ठेवून दाखवलं. क्षितिजने मान हलवत सगळं रेकॉर्ड करून घेतलं. जाताना मानसिंगने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, "बेटा, म्यानात होती एवढं लिही." तो म्हणाला, "काका, निश्चिंत राहा."

निश्चिंत! डोंबल!

सकाळी मथळा होता: "'तलवार अमारीज': पितानी कबूलात." बापाची कबुली! चार पिढ्यांचा अभिमान त्या माणसाने कबुली करून टाकला. पणजोबा नाहीत, म्यान नाही, शिकलगार नाही, एसी नाही. शेवटी एक ओळ, कुटुंबाने पोलिसांचा दावा फेटाळला आहे. आम्ही म्हणजे कुटुंब, आणि आमचं म्हणणं म्हणजे फेटाळणं. मी क्षितिजला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. तो म्हणाला, "मावशी, मी सगळं लिहून दिलं होतं, जागेअभावी कापलं." पहिल्या पानावर लाल गोल काढायला जागा होती.

मानसिंग मात्र मलाच म्हणाला, "आक्का, त्याला नको बोलू. मीच म्हणालो ना, तलवार आमचीच." दिवसभर तो तेच घोकत बसला. पोरगा पोलिसांच्या गोळीने गेला आणि दोष हा स्वतःच्या जिभेला देत होता. आयुष्यात एकदा धड बोलला आणि त्याचं हे फळ.

मग बेसणं आलं. इथे कुणी गेलं की आम्ही मराठी लोकही गुजरात्यांसारखं बेसणं, म्हणजे भेटायला येणाऱ्यांसाठी शोकसभा, ठेवतो आणि पेपरात फोटोसकट जाहिरात देतो. मानसिंगला वाटलं, जाहिरात तर आपली असते, आपण लिहू ते छापतील. मी सोबत गेले. त्याच पेपरचं ऑफिस, बाहेरचं जाहिरातीचं काउंटर. मजकूर त्याने स्वतः सांगितला. चिरंजीव धैर्यशील, बेसणं अमुक दिवशी, अमुक ठिकाणी. आणि खाली: तलवार म्यानात होती.

काउंटरवरची मुलगी थांबली. आधी तिने मृत्यूचा दाखला मागितला. दिला. मग आधारकार्ड, मयताचं आणि आमचं. दिलं. मग म्हणाली, ही शेवटची ओळ मोठ्या साहेबांना विचारावी लागेल. आतून साहेब आले. गोड बोलणारे. "काका, बेसणाच्या जाहिरातीत वाद नको. शिवाय याला पुरावा काय? आम्ही खात्री केल्याशिवाय छापू शकत नाही. आमच्यावर जबाबदारी असते."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, खात्री? मेलेल्या पोराचं नाव छापायला दाखला हवा, कार्ड हवं, सही हवी, आणि त्याला तलवारबाज म्हणायला काय हवं होतं? कुठला कागद पाहिला होतात? कुणाची सही घेतली होतीत? पुरावा तर तुम्हीच छापलाय की, उघडा तुमचाच पेपर आणि बघा! काउंटरवरची मुलगी खाली बघायला लागली. साहेब घड्याळ बघायला लागले. मानसिंगने माझं मनगट धरलं. "चल आक्का," म्हणाला, "जसं छापतील तसं छापू दे. लोकांना बेसणं कधी ते तरी कळेल." वर दुःखद अवसान, म्हणजे दुःखद निधन, खाली बेसणाची वेळ, एवढंच छापलं.

आणि लोक तरी आले? सोसायटीच्या हॉलचं अचानक रंगकाम निघालं. बेसणं आमच्या घराच्या ओट्यावर केलं. ज्यांच्या म्हाताऱ्या माणसांसाठी पोरगा ताटावरून उठून जायचा, त्यांतली दोन-चार मंडळी आली, जय श्रीकृष्ण म्हणून हात जोडून दारातूनच परत गेली. पेपरात आलंय म्हणजे काहीतरी असेलच, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. दसऱ्याला पाटावर लाल कापड टाकलं नाही. कुणी विचारायलाही आलं नाही, साची छे का म्हणून.

महिने गेले. मी गप्प बसणारी नव्हे, मी अर्ज केले, वकील गाठला, कचेऱ्यांत भांडले. शेवटी ऐन मे महिन्यात सरकारी चौकशीची तारीख लागली. मी आदल्या दिवशी क्षितिजला फोन करून सांगितलं, "तू आपल्यातला आहेस ना? मग येऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघ. नाही आलास तर तुझ्या सुभानपुऱ्याच्या घरासमोर येऊन बसेन आणि शुद्ध मराठीत ओरडेन." आला.

चौकशीच्या खोलीत सील केलेलं कापडी गाठोडं आणलं. सील फोडलं. आमची तलवार. पाहिली आणि मानसिंगने नकळत हात जोडले. चौकशी करणाऱ्या साहेबांनी हवालदाराला सांगितलं, "बाहेर काढा." हवालदाराने ओढली. निघाली नाही. दुसऱ्याने मूठ धरली, पहिल्याने म्यान धरलं, दोघं कोपऱ्यापर्यंत मागे रेटत गेले. निघाली नाही. शिपाई आला, तोही घामाघूम झाला. मला दीड वर्षापूर्वीचा आमचा दसरा आठवला, मी म्यान धरून बसलेली आणि बाप-लेक ओढताहेत. हसू फुटलं आणि त्याच दमात रडू फुटलं, मला थांबवताच येईना. साहेबांनी क्षितिजकडे पाहिलं, "तुम्ही बघता?" क्षितिजने ओढली. तोंड लाल झालं त्याचं. तलवार खाली ठेवून तो म्हणाला, "काका, उद्या लिहितो. पूर्ण लिहितो."

साहेबांनी नोंदवून घेतलं, तलवार म्यानातून निघत नाही. बाहेर आल्यावर मानसिंग उन्हात उभा राहिला आणि कितीतरी महिन्यांनी मोठा श्वास घेतला. वाटेत रिक्षा थांबवून त्याने मला उसाचा रस पाजला.

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो पेपर घेऊन माझ्या दारात. चष्मा घरी विसरलेला. "आक्का, वाच." आतल्या पानावर, जाहिरातींच्या खाली, बोटभर बातमी होती. वरातीमागून घोडं, तेही लंगडं. मी मनातल्या मनात वाचली आणि पेपरची घडी घालायला लागले.

"वाच ना," तो म्हणाला.

मी वाचलं. "पोलीस गोळीबारात ठार झालेल्या तलवारबाजाची तलवार म्यानात होती."

तो म्हणाला, "पुन्हा वाच."

मी पुन्हा वाचलं. मग त्याने माझ्याच फोनवरून क्षितिजला फोन लावला. मी स्पीकर चालू केला. क्षितिज अगदी मवाळ आवाजात म्हणाला, "काका, मथळा मी देत नाही, तो ऑफिसात देतात. आणि तलवारबाज हा शब्द ओळखीसाठी टाकावा लागतो. नुसतं धैर्यशील म्हटलं तर लोकांना कोण ते कळणार नाही."

मी तोंड उघडलं होतं. आयुष्यभराच्या शिव्या जिभेवर आल्या होत्या. मानसिंगने हात वर करून मला थांबवलं.

"बेटा," तो म्हणाला, "एसीवाला लिहिलं असतं तर कळलं नसतं?"

मानसिंगने फोन माझ्या हातात दिला, पेपर घेतला आणि सोसायटीच्या मधोमध जाऊन उभा राहिला. आणि ओरडला. माझा हा भाऊ, बायको गेली तेव्हा ओरडला नाही, पोराला सरकारी दवाखान्यातून आणलं तेव्हा ओरडला नाही. आवाज फाटला त्याचा, सवयच नव्हती त्या गळ्याला.

"एसीवाला होता! माझा पोरगा एसीवाला होता! तुमच्या घरी येऊन गेलाय! एसीवाला लिहा त्याला, एसीवाला!"

मी धावत गेले, त्याला धरलं. तो हात झटकून एकेका मजल्याकडे बघत ओरडत राहिला, मराठीत, मग गुजरातीत, मग पुन्हा मराठीत. मेचा उकाडा होता, त्यामुळे सगळ्या खिडक्या बंद होत्या. आत सगळीकडे एसी चालू होते.